रुआन लिंग्यू पाहायची कशी

रुआन लिंग्यू ही शांघायच्या मूकपटांमधली चिनी अभिनेत्री. एक पथ्य आधीच सांगते: तिच्या मरणाबद्दल सुरुवातीला काही वाचत बसू नका. नाव शोधलंत की पहिल्या दोन ओळींत तेच येतं, आणि मग ती पडद्यावर खळखळून हसली तरी आपल्याला त्यात मरणच दिसायला लागतं. ते सगळं नंतर वाचा. आधी तिचं काम बघा.

मी हौशी नाटकांच्या तालमी घेते. नव्या मुलामुलींना हातात संवाद नसताना रंगमंचावर उभं राहायला शिकवणं हे सगळ्यात अवघड काम. त्यासाठी मला रुआन लिंग्यूच्या मूकपटांइतकं दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही. म्हणून हा क्रम माझ्या अनुभवाचा आहे, अभ्यासकांचा नव्हे.

आधी माहीत असावं ते एवढंच. जन्म १९१०, शांघाय. घराणं मूळचं ग्वांगडोंग प्रांतातलं. वडील लहानपणीच वारले आणि आईने एका श्रीमंत घरी मोलकरीण म्हणून राबून तिला शिकवलं. १९२६ मध्ये ती मिंगशिंग कंपनीत गेली, पुढच्या वर्षी पहिला चित्रपट आला. खरी ओळख मिळाली ती १९३० पासून लियानह्वा कंपनीच्या चित्रपटांतून. आपल्याकडे प्रभातने १९३२ मध्ये बोलपट आणला, पण शांघायमध्ये १९३४-३५ पर्यंत उत्तम मूकपट निघत होते. त्यामुळे तिच्या ऐन बहराचं काम मूक आहे. त्यातलं बरंचसं नष्ट झालंय, पण जे उरलंय ते पुष्कळ आहे.

शोधताना लक्षात ठेवा, 'रुआन' हे आडनाव आणि ते आधी येतं. कँटनीज उच्चाराप्रमाणे ती 'युएन लिंग-युक' होते. दोन्ही नावांनी शोधा.

सुरुवात 'द गॉडेस' (१९३४) पासूनच करा. दिग्दर्शक वू याँगगांग. आधी नेपथ्यकार होता, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. जेमतेम सव्वा-दीड तासाचा आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत आणली, ती मिळाली तर उत्तम. इंटरनेटवर फिरणाऱ्या कित्येक प्रतींवर कुणीही कसलंही संगीत चिकटवलेलं असतं. माझं ऐका, पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून बघा. दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटेल, मग डोळे कामाला लागतील. मूकपटात मध्ये मध्ये लिहून येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या झरझर वाचता येत नसतील, तर घरातल्या कुणाला तरी त्या मराठीत मोठ्याने सांगायला बसवा. पाट्या फार नाहीत.

गोष्ट साधी आहे. शांघायमधली एक आई, तिला चित्रपटात नावसुद्धा नाही, लहान मुलाला वाढवण्यासाठी रात्री देहविक्रय करते. आता नेमकं काय बघायचं ते सांगते.

पोलिसांपासून पळताना ती एका जुगारी गुंडाच्या खोलीत शिरते. तो पोलिसांना वाटेला लावतो आणि मग तिचीच वाट अडवतो. सुटका नाही हे तिला कळतं, त्या क्षणी चित्रपट थांबवा आणि मागे घेऊन पुन्हा बघा. ती रडत नाही, गयावया करत नाही. टेबलाच्या कडेवर चढून बसते आणि सिगारेट मागते. खांदे सैल सोडलेले, नजर त्याच्याकडे असून नसल्यासारखी. धंद्यातली बाई आणि घाबरलेली आई एकाच देहात, एकाच वेळी. माझी मुलं हा प्रवेश करून बघतात तेव्हा हटकून चेहऱ्याने करायला जातात, आणि फसतात. तिने तो पाठीच्या कण्याने केलाय.

याच्या अगदी उलट तिचं घरातलं वागणं. मुलगा शाळेत शिकलेली कवायत आईला शिकवतो, ती त्याच्यासमोर विद्यार्थिनी होऊन हातपाय हलवते. इथे तिचं वय दहा वर्षांनी कमी होतं. हे दोन प्रवेश पाठोपाठ लावून बघा. शरीराचा तोल कुठे आहे, पावलं कशी पडतात, एवढंच बघा. बाकी आपोआप कळेल.

तिसरी जागा शाळेच्या समारंभाची. मुलगा मंचावर गातोय, ती कौतुकाने बघतेय, आणि मागे बायकांची कुजबुज एका खुर्चीवरून दुसरीवर सरकते. त्यानंतर हेडमास्तर तिच्या घरी येतात. आधी तिची लपवालपवी, मग एकदम बांध फुटणं: माझ्या मुलाने का शिकू नये? हा चेहरा पुन्हा पुन्हा बघा, पण मोबाइलवर नाही. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर बघा.

हा चित्रपट पचला की 'लिटल टॉइज' (१९३३). दिग्दर्शक सुन यू. यात ती खेडेगावात खेळणी बनवणारी बाई आहे, हसरी, कष्टाळू. १९३२ च्या शांघायवरच्या जपानी हल्ल्याची झळ तिच्या घरापर्यंत येते. शेवटी नववर्षाचे फटाके ऐकून तिला युद्धच सुरू झाल्यासारखं वाटतं आणि ती भर रस्त्यात ओरडत सुटते. प्रचारकी भाग आहे, मला तो थोडा लांबलेला वाटतो, पण तिच्या डोळ्यांवरून नजर हटत नाही. 'लव्ह अँड ड्यूटी' (१९३१) सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा, अडीच तासांचा आहे. तो हरवला असंच धरून चालले होते. १९९० च्या दशकात त्याची प्रत उरुग्वेत सापडली. यात ती आई आणि मुलगी दोन्ही झालीय. तरुणपणापासून खचलेल्या म्हातारपणापर्यंतचा प्रवास बघा, विशेषतः चाल.

'न्यू विमेन' (१९३५) चौथा, त्याआधी नको. साइ चुशेंगचा हा चित्रपट आय श्या या अभिनेत्री-लेखिकेच्या आयुष्यावर बेतलेला आहे. आय श्याने १९३४ मध्ये जीव दिला होता. विषय जड आहे. मन ठीक नसेल त्या दिवशी लावू नका, आणि एकट्याने तर नकोच. शेवटी मरणाच्या दारात ती 'मला जगायचंय' म्हणते आणि पाटीवरची अक्षरं मोठी मोठी होत जातात. चित्रपटात पत्रकारांना आरसा दाखवलेला असल्याने वृत्तपत्रवाले खवळले, कंपनीला माफी मागून काही भाग कापावा लागला.

आता रुआनचं आयुष्य वाचा. आई जिथे मोलकरीण होती त्या घरातला धाकटा मुलगा जांग दामिन हा तिचा पहिला जोडीदार, आणि चहाचा व्यापारी तांग जिशान हा नंतरचा; या दोघांमध्ये ती भरडली गेली. जांगने कोर्टात खेचलं, वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, आणि सुनावणी तोंडावर असताना ८ मार्च १९३५ ला तिने जीवन संपवलं. वय २४. तिच्या नावाने छापलेल्या चिठ्ठ्यांच्या खरेपणाबद्दल वाद आहेत, तेव्हा त्यांवरून तिचं मन वाचायला जाऊ नका. त्यापेक्षा चिनी लेखक लू शुनने त्याच वर्षी लिहिलेला लेख मिळवून वाचा. वर्तमानपत्रं बलवानांपुढे दुबळी असतात, पण एकट्या बाईवर त्यांचं बळ बरोबर चालतं, असा त्याचा रोख आहे.

सगळ्यात शेवटी दिग्दर्शक स्टॅन्ली क्वानचा रुआनवरचा चित्रपट 'सेंटर स्टेज'. मॅगी चुंगने त्यात रुआनची भूमिका केली आणि १९९२ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवला. त्यात जुन्या चित्रपटांचे तुकडे आणि मॅगीने पुन्हा उभे केलेले तेच प्रवेश एकमेकांशेजारी येतात, शिवाय 'लिटल टॉइज'मध्ये तिची मुलगी झालेली ली लीली म्हातारपणी तिच्याबद्दल बोलताना दिसते. मूळ चित्रपट आधी पाहिलेले असतील तरच यातली जुळवणी कळते, म्हणून तो शेवटी. बघताना 'द गॉडेस'ची प्रत हाताशी ठेवा, मध्येच थांबवून मूळ प्रवेशाशी ताडून बघावंसं वाटेल.