मिडी कंट्रोलर मॅप करताना या चुका टाळा

घरच्या स्टुडिओसाठी घेतलेला मिडी कंट्रोलर (संगणकातल्या संगीत सॉफ्टवेअरला आज्ञा पाठवणारा कीबोर्ड किंवा नॉब-बटणांचे उपकरण) बहुतेक वेळा जोडल्याबरोबर चालू लागतो. कटकट सुरू होते ती त्यावरचे नॉब, फेडर (सरकवायच्या पट्ट्या) आणि पॅड आपल्या सोयीप्रमाणे नेमून घेताना, म्हणजेच मॅप करताना. एका नॉबने दोन गोष्टी हलतात, फेडरला हात लावताच आवाज उसळतो, बटणावरचे बोट उचलले की इफेक्ट बंद होतो. अशा वेळी अनेक जण थेट सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरतात. परंतु कंट्रोलर नेमका कोणता संदेश पाठवतो आहे हे पाहिल्याशिवाय केलेली दुरुस्ती हे अंदाजपंचे काम असते. विंडोजवर मिडी-ऑक्स आणि मॅकवर मिडी मॉनिटर ही साधने प्रत्येक संदेशाचा प्रकार, चॅनेल (संदेश जाण्याची वाट), क्रमांक आणि मूल्य दाखवतात, म्हणून मॅपिंगला हात घालण्यापूर्वी प्रत्येक नॉब फिरवून त्याचा सीसी क्रमांक (‘कंट्रोल चेंज’, म्हणजे नॉब-फेडरच्या हालचालीच्या संदेशाचा क्रमांक) कागदावर उतरवून घ्यावा. मात्र विंडोजच्या पारंपरिक मिडी ड्रायव्हरमध्ये एक पोर्ट (मिडी जोडणी) सहसा एकाच प्रोग्रामला मिळतो. त्यामुळे मिडी-ऑक्स उघडेच राहिले, तर कंट्रोलर ‘बंद पडला’ असे वाटण्याची पाळी येते.

कोणताही सीसी क्रमांक कोणत्याही कामाला चालतो, हा समज सर्वांत महागात पडतो. क्रमांक ० ते १२७ असे असले तरी त्यांतले बरेचसे आधीच कामाला लागलेले आहेत. १ म्हणजे मॉड्युलेशन, ७ आवाज, १० पॅन (डावी-उजवी बाजू), ११ एक्स्प्रेशन (वाजवताना आवाजातला चढउतार) आणि ६४ सस्टेन (सूर धरून ठेवणे). ० आणि ३२ ध्वनींची बँक (संच) निवडण्यासाठी असतात, तर १२० ते १२७ हे चॅनेलच्या विशेष आज्ञांसाठी राखीव आहेत. फिल्टरसाठी ७ नेमला आणि तो संदेश वाद्यापर्यंतही पोहोचला, तर फिल्टरबरोबर आवाजही कमीजास्त होतो. १२३ हा तर चालू असलेले सर्व सूर बंद करण्याचा आदेश आहे, तो नॉबला देणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. मानकात ठरावीक अर्थ न दिलेले २० ते ३१ आणि १०२ ते ११९ हे क्रमांक यासाठी सर्वांत सोयीचे. शक्य असल्यास नॉबसाठी कीबोर्डच्या किल्ल्यांपेक्षा (पट्ट्यांपेक्षा) वेगळे चॅनेल ठेवावे. एकूण सोळा चॅनेल असताना सगळी गर्दी पहिल्यावरच करण्याचे काही कारण नाही.

जुन्या कंट्रोलरमध्ये आणखी एक गंमत होते. धूळ बसलेला किंवा झिजलेला नॉब हात न लावताही दोन लगतच्या मूल्यांमध्ये थरथरत संदेश पाठवत राहतो, आणि ‘लर्न’ (हलवलेला नॉब ओळखून जोडण्याची सोय) दाबताच सॉफ्टवेअर आपण फिरवलेल्या नॉबऐवजी त्यालाच पकडते. मॉनिटरवर हा नॉब लगेच उघडा पडतो.

आवाज उसळण्याचे मूळ वेगळेच आहे. साध्या नॉबला किंवा मोटर नसलेल्या फेडरला पडद्यावरचे मूल्य ठाऊक नसते. पडद्यावर १०० आणि हातातला फेडर २० वर असला, तर पहिल्या स्पर्शालाच मूल्य थेट विशीपाशी येऊन आदळते. ॲबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमधील ‘टेकओव्हर मोड’ यासाठीच आहे. ‘पिक-अप’मध्ये फेडर पडद्यावरच्या मूल्यापर्यंत पोहोचल्यावरच पकड घेतो, तर ‘व्हॅल्यू स्केलिंग’मध्ये दोन्ही मूल्ये हळूहळू एकमेकांच्या जवळ येत जुळतात. रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या लर्न खिडकीत हीच सोय ‘सॉफ्ट टेकओव्हर’ या नावाने मिळते. मिक्सिंग करताना पिक-अप अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात फेडर कधी पकड घेईल याचा अंदाज असतो.

न थांबता गोल फिरणाऱ्या एन्कोडरची गोष्ट निराळी. ते अनेकदा स्थान न सांगता केवळ दिशा सांगतात, आणि दिशा सांगण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. उजवीकडे फिरवताना १ आणि डावीकडे १२७ दिसत असेल तर ‘टूज कॉम्प्लिमेंट’, १ आणि ६५ दिसत असेल तर ‘साइन्ड बिट’, ६५ आणि ६३ दिसत असेल तर ‘बिन ऑफसेट’ ही पद्धत निवडावी. हे न जुळवता सरळ ‘ॲब्सोल्यूट’ (थेट स्थान सांगणारी पद्धत) ठेवले की मूल्य दोन टोकांवर उड्या मारते, आणि दोष बिचाऱ्या कंट्रोलरला लागतो. लाइव्हमध्ये मॅपिंग करताना एन्कोडर सावकाश डावीकडे फिरवल्यास सॉफ्टवेअर पद्धत स्वतःच ओळखण्याचा प्रयत्न करते.

बटणांबाबतही असेच आहे. लाइव्हमध्ये इफेक्टच्या चालू-बंद स्विचला नोट (सूर वाजवण्याचा संदेश) जोडली, तर प्रत्येक दाबासरशी स्थिती बदलते. सीसी जोडला तर मात्र मूल्यानुसार स्थिती ठरते, म्हणून दाबून धरेपर्यंतच चालू राहणारे ‘मोमेंटरी’ बटण सोडताच शून्य जाते आणि इफेक्ट बंद होतो. उत्पादकाच्या एडिटर सॉफ्टवेअरमधून बटण ‘टॉगल’ (एका दाबाने चालू, पुढच्या दाबाने बंद) करावे किंवा त्यावर नोट नेमावी. पण मॅप केलेली नोट वाद्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे वाजवायची किल्ली चुकून मॅप झाली की ती एकच किल्ली मुकी राहते.

बटण दाबल्यावर भलताच सूर वाजत असेल, तर कंट्रोलर मॅकी कंट्रोल (कंट्रोलरने मिक्सर चालवण्याची एक ठरलेली पद्धत) मोडमध्ये आहे का ते पाहावे. या पद्धतीत बटणे नोट पाठवतात आणि फेडर पिच बेंड (सूर वरखाली वाकवण्याचा संदेश) पाठवतात. त्या पोर्टचा ‘ट्रॅक’ स्विच लाइव्हमध्ये चालू राहिला, तर रेकॉर्डिंगसाठी सज्ज असलेला ट्रॅक ते सूर इमानेइतबारे वाजवतो. तो स्विच बंद करावा.

सतार किंवा सारंगीचे सॅम्पल वापरून मींड घेणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते: पिच बेंडचे चाक पूर्ण फिरवूनही सूर हव्या त्या स्वरापर्यंत पोहोचत नाही. याचा कंट्रोलरशी संबंध नाही. बेंडची व्याप्ती वाद्याच्या प्लगिनमध्ये ठरते आणि ती बहुधा वरखाली दोन अर्धस्वरांचीच असते, ती तेथेच वाढवावी. त्याऐवजी एखादा सीसी नॉब पिचला जोडण्याचा मोह टाळावा. पिच बेंडमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, तर साध्या सीसीत केवळ १२८; वरखाली एकेक सप्तक व्याप्ती ठेवली, तर सीसीची एक पायरी जवळजवळ १९ सेंटची (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) होते आणि मींडीऐवजी जिना ऐकू येतो.

पॅड चुकीच्या सप्तकात वाजत असतील, तर स्वराच्या नावावर विसंबू नये. क्रमांक ६० ची नोट लाइव्ह आणि क्यूबेसमध्ये सी३, रीपरमध्ये सी४, तर एफएल स्टुडिओत सी५ म्हणून दिसते. जुळवायचा तो क्रमांक. सस्टेन पेडल उलटे चालत असेल, तर पाय न ठेवता ते आधी जोडावे आणि मगच कीबोर्ड चालू करावा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची ध्रुवता (दाबलेले कोणते, सोडलेले कोणते) ओळखतात. कंट्रोलर मुळात दिसतच नसेल, तर केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हे आधी तपासावे.

लाइव्हमध्ये हाताने केलेले मिडी मॅपिंग त्या-त्या सेटमध्येच (लाइव्हच्या प्रकल्प फाइलमध्येच) साठवले जाते, त्यामुळे नवीन सेट उघडल्यावर ते ‘उडाले’ असे वाटते. नेहमीचे मॅपिंग केलेला सेट डीफॉल्ट म्हणून जतन करावा. एडिटरमध्ये केलेले बदलही कंट्रोलरच्या कायमच्या स्मृतीत लिहिण्याची आज्ञा दिल्याशिवाय पक्के झाले असे समजू नये, आणि त्या प्रीसेटची एक फाइल संगणकावर वेगळी ठेवावी, कारण फर्मवेअर (कंट्रोलरमधले अंतर्गत सॉफ्टवेअर) अद्ययावत करताना कंट्रोलरवरचे प्रीसेट पुसले जाऊ शकतात.