मीटरजवळचा व्हॉल्व्ह गळत असेल, तर या चुका टाळा

फाटकाच्या आत, कुंपणाच्या भिंतीला लागून असलेल्या चेंबरमध्ये पाण्याचा मीटर असतो, त्याच्या आगेमागे एक-दोन व्हॉल्व्ह असतात आणि वर्षानुवर्षे त्या चेंबरचे झाकण कोणी उघडत नाही. मग एखाद्या दिवशी कडेची माती ओली दिसते, झाकणाखालून चिळकांडीचा आवाज येतो किंवा चेंबर काठोकाठ भरलेले आढळते. पुण्यातील बंगल्यांत, रो-हाउसमध्ये आणि छोट्या सोसायट्यांत ही तक्रार नित्याची आहे. व्हॉल्व्हची गळती हे मुळात किरकोळ काम आहे. ते बिघडते ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जागी हात घातल्यामुळे. शहराच्या बहुतेक भागांत महापालिकेचे पाणी दिवसातून ठरावीक तासच येते. त्यामुळे येथे एक क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो: गळती शोधायची ती पाणी चालू असताना आणि दुरुस्त करायची ती पाणी बंद असताना. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे घडतात.

पाणी गेल्यावर गळती शोधणे

सकाळी पाणी येऊन जाते आणि प्लंबर दुपारी बाराला येतो. तोपर्यंत लाइनमध्ये दाब उरलेला नसतो, गळती थांबलेली असते आणि चेंबरच्या तळाशी साचलेल्या पाण्याखेरीज पाहण्यासारखे काहीच नसते. अशा वेळी अंदाजाने एखादा सांधा आवळला जातो, पैसे दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी पाणी आले की चेंबर पुन्हा भरते. याला उपाय सोपा आहे. पाणी येण्याच्या आधी चेंबर उघडून साचलेले पाणी डब्याने उपसावे, गाळ काढावा आणि व्हॉल्व्ह, मीटर व सगळे सांधे फडक्याने कोरडे करून ठेवावेत. पाणी आल्यावर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी एकेका सांध्याला वरून खाली अशा क्रमाने लावत जावे. पाणी ओघळत खाली येते, म्हणून जेथून थेंब पडतो तो सांधा बहुधा निर्दोष असतो. कागद ज्या सर्वांत वरच्या जागी ओला होतो, तेथेच दोष असतो. मोबाइलवर थोडे चित्रीकरण करून ठेवले, तर दुपारी येणाऱ्या कारागिराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गल्लत होते. अंगणातील पाणी चेंबरमध्ये उतरते आणि व्हॉल्व्ह गळतो आहे असा समज होतो. चेंबरमधील पातळी फक्त पुरवठ्याच्या वेळेत वाढते की पाऊस पडल्यावर वाढते, एवढे दोन दिवस पाहिले तरी याचा निकाल लागतो.

गळती मीटरच्या कोणत्या बाजूला आहे, हे न पाहता काम सुरू करणे

मीटरच्या अंगावर पाणी वाहण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. बाणाच्या मागची बाजू रस्त्याकडील नळजोडाची, पुढची बाजू आपल्या घराची. पाणी चालू असताना घराच्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि मीटरवरील लहान चक्रीकडे, किंवा डिजिटल मीटर असल्यास शेवटच्या आकड्यांकडे, काही मिनिटे लक्ष द्यावे. चक्री फिरत राहिली तर गळती मीटर आणि त्या व्हॉल्व्हच्या दरम्यान आहे, किंवा व्हॉल्व्ह आतून नीट बंद होत नाही. चक्री स्थिर आहे आणि तरीही पाणी गळताना दिसते आहे, तर दोष मीटरच्या आधी आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मीटरच्या आधीचा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी खोलायचा झाला तर त्यामागचे पाणी रोखण्यासाठी आपल्या हातात काहीच नसते. तेथून मागे थेट रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीवरील फेरूल, म्हणजे आपला नळजोड जेथे वाहिनीला जोडलेला असतो तो तुकडा, येतो. पुरवठा चालू असताना त्या व्हॉल्व्हचे वरचे नट सैल केले आणि स्पिंडल, म्हणजे चाकाने फिरणारा दांडा, बाहेर आले, तर पाण्याचा फवारा थांबवणे घरच्या माणसाला शक्य होत नाही. शिवाय मीटरला सील असते आणि ते तोडणे म्हणजे मीटरशी छेडछाड केल्याचा ठपका ओढवून घेणे होय. महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत बसवलेले नवे मीटर तर दुरून वाचन पाठवणारे आहेत. ते काढणे, फिरवणे किंवा त्यांची जागा बदलणे आपल्या अधिकारात नाही. म्हणून मीटरच्या आधीच्या गळतीसाठी आपल्या भागाच्या पाणीपुरवठा कार्यालयाला आधी कळवावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे परवानाधारक प्लंबरकडूनच काम करून घ्यावे. मीटरच्या पुढच्या बाजूची दुरुस्ती मात्र आपलीच असते.

‘बिल तर येत नाही’ म्हणून गळती तशीच ठेवणे

बहुतेक घरांची पाणीपट्टी मिळकतकराबरोबर आकारली जाते आणि मीटरच्या आधी गळणारे पाणी तर मीटरवर नोंदलेच जात नाही. त्यामुळे ‘आपले काय जाते’ हा विचार सहज होतो. सर्वांत मोठी चूक हीच आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहावा. गळतीखाली १ लिटरची बाटली धरली आणि ती १० मिनिटांत भरली, तर ताशी ६ लिटर पाणी जाते. पुरवठा रोज ४ तास असेल तर महिन्याला सुमारे ७२० लिटर. जेथे पाणी चोवीस तास येते, तेथे हीच गळती दिवसाला १४४ लिटरवर पोहोचते, आणि शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात एका माणसाची दिवसाची गरज १३५ लिटर धरली जाते. हे खडकवासल्याहून आणलेले, शुद्ध केलेले पाणी आहे आणि ते अंगणातील मातीत जिरते आहे.

पण याहून गंभीर गोष्ट पाणी बंद झाल्यावर घडते. पुरवठा थांबला की उताराच्या बाजूचे नळ लाइनमधील उरलेले पाणी ओढून घेतात आणि आपल्या नळजोडात काही काळ उलटा दाब, म्हणजे ओढ, तयार होते. ज्या फटीतून सकाळी पाणी बाहेर येत होते, त्याच फटीतून आता चेंबरमधील पाणी आत जाऊ शकते. त्या चेंबरमध्ये अंगण धुतलेले पाणी, कुजलेला पाला, उंदीर-घुशींची घाण आणि कित्येकदा शेजारच्या ड्रेनेजचा पाझर असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढे मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते शुद्धीकरणानंतर वाटेत होणाऱ्या किरकोळ दूषणासाठी असते, चेंबरमधील गढूळ पाणी निर्जंतुक करण्याची ताकद त्यात नसते. ज्या घरांत नियमाविरुद्ध थेट नळाला मोटर जोडलेली असते, तेथे ही ओढ कितीतरी पटींनी वाढते आणि तिचा फटका शेजाऱ्यांनाही बसतो.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण आढळले, तेव्हा पाणी उकळून पिण्याचे आवाहन करण्यात आले होते. त्या आजाराचा घरोघरीच्या व्हॉल्व्हशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु दूषित पाण्याची किंमत काय असते, हे या शहराने त्या वेळी जवळून पाहिले आहे. चेंबर पाण्याने भरलेले आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे.

जुना व्हॉल्व्ह जोर लावून फिरवणे

मीटरजवळ बहुधा पितळी गेट व्हॉल्व्ह असतो. तो कित्येक वर्षे फिरवलेला नसतो आणि गळती दिसताच घरातील कोणीतरी पाईप पान्याने त्याचे चाक आवळतो. जखडलेल्या स्पिंडलला असा पीळ बसला की ते तुटते, किंवा आतील पडदा सुटून खाली बसतो आणि घराचे पाणीच बंद होते. व्हॉल्व्ह हातानेच फिरवावा. घट्ट असेल तर पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत मोकळा करावा.

या व्हॉल्व्हची गळती बहुतेक वेळा चाकाच्या खाली, स्पिंडलभोवती असते आणि तिच्यासाठी व्हॉल्व्ह बदलण्याची गरज नसते. चाकाखाली जे लहान षट्कोनी नट दिसते, ते ग्लँड नट. त्याच्या आत स्पिंडलभोवती ग्रॅफाइटची किंवा टेफ्लॉनची दोरी गुंडाळलेली असते आणि ती झिजली की तेथून पाणी झिरपते. व्हॉल्व्हचे अंग एका पान्याने धरून ठेवावे आणि दुसऱ्या पान्याने ग्लँड नट फेऱ्याचा आठवा भाग एवढेच आवळावे. पाणी चालू असताना कागद लावून पाहावा; पाझर सुरूच असेल तर पुन्हा तेवढेच आवळावे. चाक जड फिरू लागले की थांबावे. तरीही गळत असेल, तर दोरी संपली आहे असे समजावे. पाणी गेल्यावर चाक काढून ग्लँड नट वर सरकवावे, जुनी दोरी टोकदार तारेने पूर्ण काढावी, नवी दोरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे देऊन बसवावी आणि नट हलक्या हाताने आवळावे. दोरी हार्डवेअरच्या दुकानात अत्यल्प किमतीत मिळते. एवढ्यासाठी अख्खा व्हॉल्व्ह बदलून देणारा कारागीर भेटला, तर ‘आधी ग्लँड पाहा’ असे त्याला निःसंकोच सांगावे.

पितळी अंगाला केसासारखी चीर गेली असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दिसेल त्या आट्यांवर टेप गुंडाळणे

मीटरच्या दोन्ही टोकांना जे मोठे नट असते, तेथून गळती असेल तर नट उघडून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे दिले जातात. हे काम सर्रास होते आणि निष्फळ ठरते. त्या नटाचे काम फक्त दोन सपाट तोंडे एकमेकांवर दाबून धरण्याचे असते. पाणी अडवतो तो मध्ये बसवलेला वॉशर. टेप गुंडाळल्याने नट पूर्ण आत जात नाही, वॉशरवर पुरेसा दाब बसत नाही आणि गळती उलट वाढते. तेथे दोन्ही तोंडे पुसून, जुन्या रबराचे कण खरवडून, योग्य मापाचा नवा वॉशर बसवावा लागतो. त्या नटाला सील असेल तर हेही काम महापालिकेला कळवल्याशिवाय करू नये. व्हॉल्व्ह आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप यांच्या निमुळत्या आट्यांच्या सांध्यात मात्र टेप हवीच. ती आट्यांच्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळावी, नाहीतर सांधा बसवताना ती सुटून गोळा होते आणि मीटरच्या जाळीत जाऊन अडकते.

ओल्या पाईपवर एम-सीलची लांबी (भेगा बुजवण्याचा लगदा) थापणे हा आणखी एक आवडता उपाय. लांबी कोरड्या, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर आणि दाब नसतानाच धरते. स्पिंडलवर ती थापली तर व्हॉल्व्ह कायमचा निकामी होतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी चिरलेल्या पाईपला एक-दोन दिवस सांभाळते. तो तात्पुरता बंदोबस्त आहे एवढे भान ठेवावे.

व्हॉल्व्ह बदलावाच लागला, तर घराच्या बाजूला पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवावा, असे मी सुचवेन. पाव फेऱ्यात तो बंद होतो आणि चालू आहे की बंद, हे दांड्यावरून लगेच कळते. बसवताना एका पान्याने पाईप धरला नाही, तर सगळा पीळ मीटरच्या सांध्यावर जातो आणि एक गळती दुरुस्त करताना दुसरी निर्माण होते.

गुरुवारी दुरुस्ती, शुक्रवारी निर्धास्त

देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवल्याचे महापालिकेने जाहीर केले की दुरुस्तीला निवांत वेळ मिळतो आणि तो जरूर वापरावा. मात्र अशा प्रत्येक निवेदनात पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.’ त्या कमी दाबाखाली सांधा कोरडा दिसतो, चेंबर बंद केले जाते आणि शनिवारी पूर्ण दाब आल्यावर तोच सांधा गळू लागतो. म्हणून पूर्ण दाबाचे निदान दोन दिवस पाहिल्याशिवाय दुरुस्ती पक्की झाली असे मानू नये. बंदनंतर येणाऱ्या पहिल्या पाण्यात हवा आणि गाळ असतो. व्हॉल्व्ह एकदम न उघडता हळूहळू उघडावा आणि शक्य असल्यास ते पाणी टाकीत न घेता बागेला सोडावे.

तक्रार करताना ‘पाणी गळत आहे’ एवढेच कळवले तर माणूस येतो, पाहतो आणि साहित्य आणायला परत जातो. पीएमसी केअर या महापालिकेच्या तक्रार सेवेवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात तक्रार नोंदवताना गळती मीटरच्या आधी आहे की नंतर, व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आणि किती इंची आहे, आपल्याकडे पाणी किती वाजता येते आणि चेंबरला ड्रेनेजचा वास येतो का, या गोष्टी छायाचित्रासह लिहाव्यात. वास येत असेल तर ते पहिल्याच वाक्यात लिहावे, म्हणजे तक्रार निव्वळ गळतीची न राहता दूषित पाण्याची म्हणून हाताळली जाण्याची शक्यता वाढते.