चौकटीच्या वहीवर ‘नियम ३०’: छोटा संशोधन प्रकल्प कसा करावा

संगणक नंतर. आधी आलेख कागद आणि पेन्सिल घ्या.

पहिल्या ओळीत मधोमध एक घर काळं करा, बाकीची कोरी. खालच्या ओळीतलं प्रत्येक घर भरताना वरच्या ओळीतली तीनच घरं बघायची: बरोबर वरचं, त्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचं. वरचं आणि उजवं दोन्ही कोरी असतील तर डाव्याची नक्कल करा. नाहीतर डाव्याच्या उलट. संपला नियम. हाच ‘नियम ३०’.

दुसऱ्या ओळीत तीन काळी येतील. तिसरीत काळं, काळं, कोरं, कोरं, काळं. इथे चुकलात तर पुढचं सगळं वाया. माझा पहिला कागद असाच गेला, कारण नजर वरच्या ओळीवरून घसरून अर्धवट भरलेल्या ओळीतच शेजार शोधायची. मग पुठ्ठ्यात तीन घरांएवढी खिडकी कापली आणि ती वरच्या ओळीवर सरकवत नेली.

वीस ओळींना ३९ घरं रुंदी लागते. डावीकडे तिरपे पट्टे, उजवीकडे नुसता गोंधळ दिसू लागला की हात बरोबर चाललाय.

तीन घरांच्या शक्यता आठ, प्रत्येकीचं उत्तर काळं किंवा कोरं, म्हणून असे नियम २५६. या नियमांना ३०, ९० असे क्रमांक संगणकशास्त्रज्ञ स्टीफन वुल्फ्रम यांनी १९८३ मध्ये दिले. नियम ३०च्या मधल्या रकान्यात कधी आवर्तन येतं का, यासारख्या तीन प्रश्नांवर त्यांनी २०१९ मध्ये ३०,००० डॉलरची बक्षिसं लावली. मोह होईल, पण प्रकल्पासाठी तो प्रश्न घेऊ नका.

त्यापेक्षा हे मोजा. हेच सूत्र स्प्रेडशीटमध्ये घाला. पहिली ओळ नाणं उडवून भरा: छापा काळं, काटा कोरं. तिची प्रत काढून एकच घर बदला. दोन्ही खाली चालवा आणि जिथे फरक पडतो ती घरं रंगवा. उजवीकडे फरक दर ओळीला एक घर सरकणारच, ते नियमातच आहे. डावीकडे तो अडखळतो. किती? वीस वेगवेगळ्या पहिल्या ओळी घेऊन सरासरी काढा. पत्रक ऐसपैस रुंद ठेवा, नाहीतर कडेची चूक आत शिरते.

मग नियम ९० घ्या: डावं आणि उजवं वेगळं असेल तरच काळं, मधल्याकडे बघायचंच नाही. इथे पहिली ओळ कोणतीही असो, फरकाची आकृती तीच येते, त्रिकोणात त्रिकोण. असं का होतं, ते स्वतःच्या शब्दांत लिहा. परीक्षक पहिलं हेच विचारतील.