साठीनंतर शिडाची कीलबोट घ्यायचीय? दोघांना झेपेल अशी कशी निवडायची

बेळगाव समुद्रापासून साडेसातशे मीटर उंचावर, आणि इथला रिटायर माणूस बोट घ्यायच्या गोष्टी करतोय म्हटल्यावर गल्लीत लोक हसले, एक शेजारी तर म्हणाला काय ओ, राकसकोपच्या धरणात सोडणार काय बोट? पण जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला उतरलं की पणजी काय लांब नाही, आणि मांडवी म्हणजे तरी कोण, आपल्या खानापूर तालुक्यातनं निघालेली म्हादईच की. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे जगाला वळसा घालून आले त्या नौदलाच्या बोटीचं नावपण म्हादईच, गोव्यातच बांधलेली, ५६ फुटी. आपल्याला तिच्या निम्मी पुरते, किंबहुना निम्मीच घ्या.

कीलबोट म्हणजे जिच्या पोटाखाली लोखंडाचा नाहीतर शिशाचा जड पंखा असतो ती, वाऱ्यानं कलली तरी ते वजन तिला परत सरळ करतं. क्रूझिंग बोटीत एकूण वजनाच्या ३० ते ४० टक्के वजन या कीलमध्ये असलं तर बोट शांत चालते, कलायची भीती कमी, आणि आपल्या वयाला तेच पाहिजे.

पायरी १: आधी आपली हाडं मोजा
बहुतेक घरात बोट नवरा निवडतो आणि स्वतःच्या ताकदीनं निवडतो, सगळी चूक इथंच होते. दोघांपैकी ज्याचा हात कमी चालतो त्याच्या मापानं बोट बघायची, कारण भर समुद्रात तुमची कंबर धरली किंवा बीपी खाली गेलं की बोट किनाऱ्याला कोण आणणार? आमच्या हिचा उजवा खांदा वर जात नाही, फ्रोजन शोल्डर, म्हणून मी आधी कागदावर लिहिलं की हात डोक्यावर न नेता सगळी कामं झाली पाहिजेत, आणि त्या एका ओळीनं निम्म्या बोटी आपोआप यादीतनं गेल्या.

पायरी २: लांबी ठरवा आणि मोहात पडू नका
२६ ते ३० फूट, बस्स. ३४ फुटी बोटीत दोन खोल्या मिळतात, उभं राहून अंघोळ होते, सगळं खरं, पण लांबी थोडी वाढली की वजन भसाभस वाढतं. २८ फुटी साधारण तीन-साडेतीन टनाची, ३६ फुटी सहा-सात टनाची. जेटीला लागताना सहा टन हातानं ढकलून थांबत नाहीत, बोटं चेमटतात. शिडाचंपण तसंच, वाऱ्याचा वेग १० नॉटवरून २० नॉट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो, मग शीड मोठं असलं की ते आवरायला पंचविशीतली पोरं लागतात.

पायरी ३: दोऱ्या कुठं येतात ते बघा
शो-रूममध्ये लोक गाद्या बघतात, तुम्ही दोऱ्या बघा. शीड चढवायची, उतरवायची, आणि वारा वाढला की लहान करायची म्हणजे रीफ करायची, या सगळ्या दोऱ्या कॉकपिटमध्ये बसल्या जागी हाताला आल्या पाहिजेत, डोलकाठीपर्यंत चालत जावं लागू नये. पण विक्रेता सांगत नाही ते असं, की दोरी जितक्या पुल्यांतून वळून येते तितकी ती जड होते, म्हणून विंच, म्हणजे दोरी ओढायचं हँडलवालं चाक, सेल्फ-टेलिंग पाहिजे. त्यात दोरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तीन-चार वेळा गुंडाळायची, वरच्या दातेरी खाचेत अडकवायची, आणि मग एका हातानं नुसतं हँडल फिरवायचं, दुसरा हात आधाराला मोकळा. मुख्य शिडासाठी एक इलेक्ट्रिक विंच असला तर फारच बरं, पैसे तिथं घाला, टीव्हीत नको.

पुढचं शीड रोलर फर्लिंगचं घ्या, म्हणजे दोरी ओढली की पडद्यासारखं गुंडाळलं जातं. सेल्फ-टॅकिंग जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, असला तर बोट वळवताना ते आपोआप दुसऱ्या बाजूला जातं, कुणालाच काही ओढावं लागत नाही, जेनोआ नावाच्या मोठ्या पुढच्या शिडापेक्षा वेग थोडा कमी मिळतो एवढंच. डोलकाठीच्या आत गुंडाळलं जाणारं मुख्य शीड लोकांना आवडतं, मला नाही, कापड जुनं होऊन पोट धरलं की ते अर्ध्यात अडकतं आणि अडकतं तेही नेमकं वाऱ्यात. त्यापेक्षा लेझी जॅक, म्हणजे शिडाला दोन्ही बाजूंनी सावरणाऱ्या दोऱ्या, आणि वर झिपची पिशवी, दोरी सोडली की शीड घडी पडत पिशवीत उतरतं, झिप लावायला वर पोचायला लागतं एवढंच, तेही जेटीला लागल्यावर निवांत केलं तरी चालतं. बूम, म्हणजे मुख्य शिडाच्या खालची आडवी काठी, मात्र डोक्याच्या वर किती आहे ते उभं राहून मोजा.

पायरी ४: कीलकडे खाली वाकून बघा
इथं मी जरा रेंगाळणार, कारण आयुष्य उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेलं आणि कील म्हणजे शेवटी कास्टिंगच की. लोखंडाची घनता ७.२, शिशाची ११.३, म्हणून तेवढ्याच वजनाची शिशाची कील लहान बसते, गंजत नाही, आणि खडकाला लागली तर स्वतः चेपते. लोखंडी स्वस्त, पण ती धक्का सरळ बोल्टांवर आणि तळावर देते. सेकंडहँड बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय घेऊच नका. कील आणि तळाच्या सांध्यावर पुढच्या टोकाला फट दिसते का, गंजाचा तांबूस ओघळ आहे का, आत फळी उचलून कीलच्या बोल्टांखाली पाणी साचलंय का, मागच्या टोकाजवळ फायबरला बारीक चिरा आहेत का, हे सगळं टॉर्च लावून बघा.

आम्ही कास्टिंगला हातोडी मारून आवाज ऐकायचो, चांगल्याचा टण्ण, चिरलेल्याचा ढब. फायबरच्या तळालापण तसंच, स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीनं वीतभर अंतरावर टकटक करत जायचं, एकसारखा कडक आवाज येत असताना मधेच बोदा आला की खडूनं गोल करायचा. एका बोटीला मी असे सात गोल केले, विकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तरी शेवटचा शब्द पैसे देऊन आणलेल्या सर्व्हेअरचाच, आपण नुसतं चहा पिण्याआधी नको ती बोट ओळखायची. डोलकाठी धरणाऱ्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर बदलायचा खर्च किंमतीतून कापून घ्या.

कील किती खोल हेपण बघा. १.२ ते १.५ मीटर नदीत आणि किनाऱ्याजवळ बरी पडते. मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे, खोल कीलवाल्याचा जीव तिथं वरखाली होतो. दोन कीलची बोट ओहोटीला चिखलात सरळ उभी राहते, पण वाऱ्याच्या तोंडावर जरा आळशी चालते.

पायरी ५: चढणं, उतरणं, पडणं
जेटीवरून पाय टाकताना धरायला काय आहे? आत जायच्या पायऱ्या किती उभ्या आहेत? रात्री लघवीला उठल्यावर संडासापर्यंत दर हाताला पकड आहे का? हसू नका, आपल्या वयाला हे शिडापेक्षा मोठं आहे. मागच्या बाजूला पाण्यात खोलवर जाणारी शिडी पाहिजेच, दोन पायऱ्या पाण्याखाली राहतील अशी. आणि खरा प्रश्न, ऐंशी किलोचा भिजलेला नवरा पाण्यातनं वर कोण ओढणार? बूमला लावायचा चार पुल्यांचा टॅकल, म्हणजे वजन उचलायचा दोरीचा कप्पा, आणि पट्टा घ्या, आणि लाइफ जॅकेट घालून जेटीजवळच्या शांत पाण्यात एकदा खरंच करून बघा. जॅकेट कपाटात नाही, अंगावर.

नांगराचंपण असंच आहे. ८ मिमीची साखळी मीटरला जवळजवळ दीड किलो भरते, ३० मीटर म्हणजे चाळीसच्या वर, शिवाय नांगराचे दहा किलो. नांगर वर ओढणारं इलेक्ट्रिक विंडलास नसेल तर एका उन्हाळ्यात पाठ जाते.

इंजिन पंधरा-वीस हॉर्सपॉवरचं डिझेल, आणि ऑइलची काडी गुडघ्यावर न बसता काढता आली पाहिजे. ऑटोपायलट घ्या, तो तिसरा माणूस आहे आणि जेवण मागत नाही. वर कापडी छप्पर पाहिजेच, गोव्याचं ऊन गमतीचं नाही.

पायरी ६: घेण्याआधी एक दिवस
आधी भाड्याच्या बोटीवर शिका, मुंबईत गेटवेसमोर जे-८० बोटी मिळतात, ८ मीटरच्या, शिकायला छान, पण रेसच्या आहेत, राहायला नाहीत. मग पसंत पडलेल्या बोटीवर दुपारी जा, कारण गोव्यात सकाळी वारा मऊ असतो आणि दुपारनंतर समुद्रावरून चांगला उठतो, खरी परीक्षा तेव्हाच. एकानं हाताची घडी घालून बसायचं, दुसऱ्यानं एकट्यानं बोट सोडायची, शीड चढवायचं, एकदा रीफ करायचं, वळवायची, परत आणून बांधायची. मग अदलाबदल. मी गप बसायच्या पाळीत तीनदा उठलो, तिसऱ्यांदा ही म्हणाली, बसा, नाहीतर घरीच राहा पुढच्या वेळी.

टोकन द्यायच्या आधी पणजीत कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या ऑफिसात रजिस्ट्रेशनची कागदं कुठली लागतात ते विचारून घ्या, दरवर्षी किंमतीच्या दहाएक टक्के देखभालीला बाजूला ठेवा, आणि जून ते सप्टेंबर बोट जमिनीवर कुठं उभी राहणार, क्रेन कुणाची, भाडं किती, हे लेखी घ्या. बोटयार्डवाले मे महिन्यात फोन उचलत नाहीत.