स्नायूत हाड धरलंय? मग या चुका टाळा

मांडीला जबर मुका मार बसतो, सूज येते, आणि ती ओसरायची सोडून तिथे टणक गाठ हाताला लागते. गुडघा पुरता वाकत नाही. हे मायोसायटिस ऑसिफिकन्स असू शकतं, म्हणजे स्नायूच्या आतच नवं हाड तयार होणं. मांडीचा पुढचा स्नायू आणि कोपरासमोरचा ब्रेकियालिस ही त्याची नेहमीची ठिकाणं.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे गाठ चोळून जिरवायला जाणं. एका शाळकरी मुलाचं निखळलेलं कोपर व्यवस्थित बसवलं होतं. पट्टी निघाल्यावर हात लगेच सरळ होईना, तेव्हा घरच्यांचा धीर सुटला. रोज मालिश, वर शेक, मग एकाने दंड धरायचा नि दुसऱ्याने मनगट खेचायचं. पोरगं रडलं की 'सोस जरा, मोकळा होईल'. माझ्याकडे आणलं तेव्हा कोपर जेमतेम हलत होतं आणि एक्स-रेत ब्रेकियालिसच्या जागी पांढुरकी सावली होती. मी सगळं बंद करायला लावलं. हात त्याचा त्याने हलवायचा, दुखलं की थांबायचं, बस्स. काही महिन्यांत गाठ आटली, पण कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. खेचून सांधा मोकळा होतो ही समजूत कधी जाणार कोण जाणे!

मांडीला मार बसल्यावर पहिले २४ तास गुडघा साधारण १२० अंशांत वाकवून बांधून ठेवणं आणि बर्फ लावणं मला पसंत आहे.

पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येतो. 'नॉर्मल' म्हणून फाइल मिटू नका, चौथ्या आठवड्यात पुन्हा काढा.

दुसरी चीड बायोप्सीच्या, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासण्याच्या घाईची. कोवळ्या गाठीच्या मध्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली थेट सार्कोमासारख्या, म्हणजे स्नायू-हाडांच्या कर्करोगासारख्या दिसू शकतात, आणि त्या दिवसांतला एमआरआयही भरपूर सूज दाखवून घाबरवतो. इथे हाड कडेकडून आत पक्कं होत जातं. ऑस्टिओसार्कोमात, म्हणजे हाडाच्या कर्करोगात, बहुधा उलट, मध्यभाग दाट. हा फरक सीटीत छान दिसतो, फक्त कड धरेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. मात्र मार लागल्याचं आठवतच नसेल किंवा गाठ नि दुखणं वाढतच असेल, तर थांबू नका. हाडांच्या कर्करोगाच्या सर्जनलाच दाखवा.

कोवळी गाठ कापू नका, पुन्हा उगवते. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागतच नाही. लागलीच तर हाड पक्कं होऊ द्यावं, त्याला सहा महिने ते वर्ष जातं. इंडोमेथासिन हे सूज-वेदनेचं औषध नवं हाड रोखायला देतात, झालेलं हाड त्याने विरघळत नाही. पोट आणि मूत्रपिंड बघूनच द्यावं.

मणक्याला इजा झालेल्या रुग्णातही असं नको तिथे हाड धरू शकतं. पण त्याचा पाय सुजून गरम लागला तर आधी डॉपलर सोनोग्राफी करून शिरेतली गुठळी नाही ना, ते पाहा.

आणि लहान मुलाच्या मानेवर-पाठीवर अशा गाठी येत असतील तर सुई उचलण्याआधी पायाचे अंगठे बघा. ते जन्मापासून आखूड आणि बाजूच्या बोटांकडे वळलेले असतील, तर एफओपी हा दुर्मिळ जनुकीय आजार असू शकतो. त्यात बायोप्सी किंवा स्नायूत दिलेलं साधं इंजेक्शनही नवं हाड उभं करतं. निदान एसीव्हीआर१ जनुकाच्या तपासणीने होतं, त्यासाठी रक्त पुरतं.