भाजीचा बॉक्स लावताय? आधी या चुका टाळा

आमच्या भागात येणारे भाजीचे आठवड्याचे बॉक्स माझ्याकडे उतरतात आणि घरोघरची माणसं ते इथून घेऊन जातात. त्यामुळे कोण काय विचारून बॉक्स लावतं, कोण काहीच न विचारता लावतं आणि महिन्याभरात कोण वैतागून बंद करतं, हे सगळं समोरच घडतं. बंद करणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: 'सर्व्हिस चांगली नव्हती.' कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा निवडतानाच चूक झालेली असते, आणि त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही म्हणून हे लिहिते आहे.

भाजी कुणाच्या शेतातली, हे न विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक. 'शेतातून थेट घरी' हे शब्द आणि हिरव्यागार वाफ्यांचे फोटो दिसले की लोक पैसे भरून मोकळे होतात. शेत कुणाचं, कुठे, किती भाजी स्वतःची आणि किती बाहेरून घेतलेली, यातलं काहीही विचारत नाहीत.

माझ्या ओळखीच्या काही कुटुंबांनी मिळून अशीच एक सर्व्हिस लावली होती. सगळी भाजी स्वतःच्या शेतातली, असं सांगण्यात आलं होतं. पहिले काही आठवडे सगळे खूश होते. मला खटकलं ते वेगळंच. हवामान बदललं, ऊन सरून पाऊस सुरू झाला, तरी यादी तीच. टोमॅटो, काकडी, फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची दर आठवड्याला हजर, आणि टोमॅटो तर सगळे एका मापाचे. एकाच शेतात एवढं सगळं बारा महिने, कधी न चुकता आणि एकसारखं पिकत नाही. कधी पालक जून होतो, कधी काकडीचा वेल अचानक बसतो, कधी मुळा एवढा येतो की सलग तीन आठवडे मुळाच खावा लागतो. शेत असं चालतं. त्यांच्या बॉक्समध्ये मात्र कधी काही कमी नव्हतं आणि कधी काही जास्तही नव्हतं.

मी त्या कुटुंबांना म्हटलं, एकदा शेत बघायला जायचं आहे म्हणून सांगा. उत्तर आलं, सध्या काम खूप आहे, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात रस्ता खराब होता. मग एका बॉक्समधल्या बटाट्यांच्या पिशवीवर घाऊक व्यापाऱ्याचं लेबल तसंच राहिलेलं निघालं. विचारल्यावर 'या वेळी शेतात थोडं कमी पडलं' असं सांगण्यात आलं. पण मग उरलेल्या भाज्यांचीही चौकशी झाली, आणि निम्म्याहून जास्त माल पहिल्यापासून घाऊक बाजारातून येत होता हे कबूल करावं लागलं. सगळ्यांनी पूर्ण हंगामाचे पैसे आधीच भरलेले होते. ते परत मिळवताना कुटुंबांची जी दमछाक झाली, ती मी जवळून पाहिली आहे.

घाऊक बाजारातून भाजी आणणं हा गुन्हा नाही. अनेक प्रामाणिक सर्व्हिस दहा-बारा शेतकऱ्यांकडून माल गोळा करतात, कमी पडलं तर बाजारातून घेतात, आणि बॉक्सबरोबरच्या चिठ्ठीवर तसं लिहितात. अशा माणसाकडून मी डोळे मिटून भाजी घेईन. राग आहे तो लपवण्याचा. स्वतःच्या शेताचा भाव लावायचा आणि माल दुसऱ्याचा द्यायचा, यात ग्राहक फसतोच, पण खरोखर शेत करणाऱ्याचंही नाव खराब होतं.

नवीन सर्व्हिस बघताना माझी सवय ठरलेली आहे. मी फोन करते आणि तीन गोष्टी विचारते. आत्ता शेतात काय संपत आलंय? महिन्याभराने काय सुरू होईल? यंदा काय बिघडलं? स्वतः पिकवणाऱ्याला याची उत्तरं तोंडपाठ असतात. मुळ्याच्या लवकर येणाऱ्या जाती पेरणीपासून साधारण २५ ते ३० दिवसांत काढणीला येतात, पालकाला पाच-सहा आठवडे लागतात, गाजराला अडीच-तीन महिने. म्हणजे महिन्याभराने काय येणार ते आजच जमिनीत असतं. आणि 'यंदा काय बिघडलं' या प्रश्नावर खरा शेतकरी भरभरून बोलतो. कुठली कीड पडली, कुठली रोपं मर रोगाने गेली, कुठला वाफा पाण्याखाली गेला, सगळं सांगतो. 'आमच्याकडे काही बिघडत नाही, सगळं वर्षभर मिळतं' असं उत्तर आलं की मी फोन ठेवते.

आपण कशात पैसे घालतोय हे न समजणं

बॉक्स दिसायला सारखे असले तरी व्यवहार दोन वेगळ्या प्रकारचे असतात. एकात तुम्ही शेताच्या हंगामात वाटा घेता. पैसे आधी भरता, आणि जे पिकेल त्यातला तुमचा हिस्सा तुम्हाला मिळतो. चांगलं पिकलं तर बॉक्स भरून येतो, गारपीट झाली तर रिकामा राहतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेईकेई' नावाने ही पद्धत रुजली. १९७८ मध्ये तिची दहा तत्त्वं मांडली गेली आणि त्यातलं एक असं होतं की शेतातून जे येईल ते ग्राहकांनी स्वीकारावं. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर अशीच वाट्याची पद्धत सुरू झाली. बियाणं, मजुरी, खत यांचा खर्च हंगामाच्या सुरुवातीला येतो आणि भाजी नंतर. आधी मिळालेल्या पैशांमुळे शेतकऱ्याला कर्ज काढावं लागत नाही. मला स्वतःला ही पद्धत मनापासून आवडते.

दुसरा प्रकार साध्या सबस्क्रिप्शनचा. ठरलेले पैसे, ठरलेलं वजन, आणि पीक बुडालं तरी भाजी कुठून तरी आणून देण्याची जबाबदारी त्यांची.

दोन्ही योग्यच आहेत. भांडणं होतात ती पहिला प्रकार लावून दुसऱ्याची अपेक्षा ठेवल्यामुळे. वाट्याच्या शेतावर पावसाने पालक सडला आणि बॉक्स हलका आला की लोक पैसे कापून मागतात. उलट, काही सबस्क्रिप्शनवाले ॲडव्हान्स घेताना 'हंगामाची भागीदारी' म्हणतात, पण हिशेब विचारला की शेताचं नावही सांगत नाहीत. पैसे भरण्याआधी एकच वाक्य लेखी मागून घ्या, व्हॉट्सॲपवर चालेल: 'पीक गेलं तर काय?' आणि हंगामाचे पैसे एकदम भरायची घाई करू नका. निदान चार आठवडे सुटे बॉक्स घ्या. सुटा बॉक्स द्यायला कुणी तयारच नसेल, तर आधीपासून घेणाऱ्या दोन घरांशी बोला. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सहा महिन्यांचे पैसे भरणारी माणसं दुसऱ्या महिन्यात बॉक्स न्यायला येत नाहीत, हे मी नेहमी बघते.

मोठा बॉक्स लावणं

मोठ्या बॉक्सचा किलोमागे भाव कमी पडतो, म्हणून दोन माणसांच्या घरात चार-पाच माणसांचा बॉक्स येतो. पहिल्या आठवड्यात सगळं संपवायची जिद्द असते. दुसऱ्या आठवड्यात फ्रिजच्या कप्प्यात मागच्या पालकाचं पाणी झालेलं असतं, त्यावर नवा पालक येऊन पडतो, आणि मग तक्रार येते की यांची भाजी टिकत नाही. टाकून दिलेली भाजी कुठल्याच भावाने स्वस्त नसते.

माणसं मोजू नका. आठवड्यात घरी किती वेळा रांधलं जातं ते मोजा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या मिळून खायला सांगते, आणि त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरत नाही. म्हणजे दोघांच्या घरात फळं धरून आठवड्याला साडेपाच किलोच्या आसपास. त्यातून फळं वजा करा, डबा बाहेरून येत असेल ते दिवस वजा करा, पाहुणचाराला जाता तो रविवार वजा करा. उरेल तेवढाच बॉक्स लागतो. मी नव्या माणसाला सांगते की बॉक्स लावण्याआधी एक आठवडा फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा आणि रोज काय शिजलं ते लिहा. हे ऐकून अनेकजण नाराज होतात, त्यांना आजच्या आज सुरू करायचं असतं. जे लिहितात ते मात्र जवळजवळ नेहमीच सगळ्यात लहान बॉक्स निवडतात आणि टिकतात.

त्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसते: घरात कुठली भाजी कुणीच खात नाही. दोन-तीन नावं असतील तर आधी सांगून ठेवा, बहुतेक सर्व्हिस ऐकतात. पण दर आठवड्याला निम्मा बॉक्स बदलून मागायचा असेल तर बॉक्स लावू नका, बाजारात जा आणि हवं ते निवडून आणा. बॉक्सवाल्याने तोडणी आधी ठरवलेली असते. तुम्ही परत केलेला नवलकोल कुणाच्या तरी गळ्यात पडतो किंवा वाया जातो.

'सेंद्रिय' शब्दावर निवड करणं

'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'रेसिड्यू-फ्री' हे तीन शब्द लोक एकाच अर्थाने घेतात. रेसिड्यू-फ्री म्हणजे तपासणीत औषधाचे अंश मर्यादेपेक्षा कमी सापडले, फवारणी झालीच नाही असं नाही. प्रमाणित सेंद्रिय म्हणजे पिकवण्याची पद्धत तपासलेली. त्यासाठी जमिनीला वेळ द्यावा लागतो: युरोपियन युनियनच्या नियमांत हंगामी पिकांसाठी पेरणीआधी किमान २ वर्षं, अमेरिकेत काढणीआधी ३ वर्षं निषिद्ध रसायनांशिवाय. नुसतं 'नैसर्गिक' लिहायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. प्रमाणपत्राचा खर्च न परवडणारे चांगले लहान शेतकरीही आहेत, म्हणून कागद नाही एवढ्यावरून मी कुणाला नाकारत नाही. काय फवारता आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडता, हे विचारते. सरळ उत्तर मिळालं की माझं काम झालं.

आणि पानांना भोकं आहेत म्हणजे भाजी सेंद्रिय, ही समजूत सोडून द्या. औषध मारलेल्या पानालाही अळी लागते.

डिलिव्हरीची वेळ न बघणं

सकाळी तोडलेली पालेभाजी दुपारभर उन्हात उभ्या गाडीत फिरली तर शेत कितीही चांगलं असो, संध्याकाळी हातात कोमेजलेली जुडीच येणार. तोडणी कधी आणि माझ्या दारात कधी, या दोन वेळांमधलं अंतर विचारा. तुम्ही घरी नसताना बॉक्स कुठे ठेवणार तेही विचारा. सुट्टीवर जाताना बॉक्स थांबवायचा तर किती दिवस आधी कळवायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

कापून, सोलून पिशवीत भरलेल्या भाजीचा पर्याय असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नको. कापल्याक्षणी भाजीचं आयुष्य घटतं.

भाजी घरी आल्यावर बिघडते तेव्हा

यातल्या निम्म्या तक्रारी सर्व्हिसच्या नसतात. बॉक्स आला की त्याच वेळी उघडा, रात्री बघू म्हणून ठेवू नका. गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करा, कारण पाला कंदातलं पाणी ओढत राहतो आणि कंद मऊ पडतो. पालेभाज्या धुवून ठेवू नका. निवडा, कोरड्या फडक्यात गुंडाळा आणि शिजवायच्या वेळी धुवा. टोमॅटो, काकडी, वांगी यांना फ्रिजची थंडी मानवत नाही, साधारण १० अंशांखाली फार दिवस राहिली की त्यांची चव आणि पोत दोन्ही जातात. बटाटे अंधारात ठेवा, उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. कांदे आणि बटाटे एकत्र ठेवू नका.

लोकांना माहीत नसतं ते इथिलीनचं. पिकलेले टोमॅटो, केळी, सफरचंद हा वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेला पाला पिवळा पडतो आणि गाजर कडू लागतं. गाजर कडू निघालं म्हणून शेतकऱ्याला बोल लावणाऱ्या एका घरी मी जाऊन पाहिलं, तर गाजरं सफरचंदांच्या कप्प्यात होती. जागा बदलली आणि पुढच्या खेपेची गाजरं गोड लागली.

एवढं करूनही माल खराब निघाला तर त्याच दिवशी, बॉक्स उघडताच फोटो काढून पाठवा. चार दिवसांनी पाठवलेल्या फोटोवरून दोष शेताचा, गाडीचा की फ्रिजचा हे कुणालाच ठरवता येत नाही. आणि फोटोला काय उत्तर येतं ते नीट बघा. 'पुढच्या बॉक्समध्ये भरून देतो, त्या दिवशी तोडणीला उशीर झाला होता' असं म्हणणाऱ्याकडे राहा. लागोपाठ तीन बॉक्समध्ये तीच तक्रार निघाली आणि उत्तरही तेच आलं, तर बदला. मात्र बदलण्याआधी शिल्लक रक्कम लेखी मागून घ्या, आणि त्यांचे क्रेट परत करून टाका.