घरच्या स्टुडिओसाठी परवडणारा कंडेन्सर माइक निवडताना

कंडेन्सर माइकच्या शोधाला लागण्याआधी ज्या खोलीत तो ठेवायचा आहे ती खोली नीट ऐकून घ्यावी. रात्री दहाच्या सुमारास दारे-खिडक्या लावाव्यात, पंखा बंद करावा आणि एक-दोन मिनिटे काहीही न बोलता नुसते बसून राहावे. नाशिकच्या सिडकोतल्या रो-हाउसमध्ये भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकू येईल, पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीत मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ट्रकची घरघर येईल आणि जुन्या पंचवटीत रात्र शांत असली तरी पहाटेच्या काकड्याला देवळांच्या घंटा सुरू होतील. शिवाय कोणत्याही घरात फ्रीजची आणि इन्व्हर्टरची गुणगुण असतेच. दिवसभर कानाने सवयीने गाळलेले हे सगळे आवाज कंडेन्सर माइक इमाने इतबारे टिपतो. म्हणून माइकची निवड दुकानात सुरू न होता घरातच सुरू होते, असे मी आग्रहाने सांगतो.

या माइकची रचना थोडक्यात समजून घेतली की पुढचे निर्णय सोपे होतात. धातूचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे अगदी जवळ बसवलेली स्थिर पट्टी, असे त्याचे मुख्य दोन भाग असतात. आवाजाने पडदा हलला की दोघांमधले अंतर बदलते आणि त्या बदलातून विद्युत संकेत तयार होतो. डायनॅमिक माइकच्या पडद्याला तारेचे वेटोळे चिकटवलेले असते, त्यामुळे तो जड पडतो. कंडेन्सरचा पडदा हलका असल्यामुळे त्यात तानपुऱ्याची जवारी किंवा श्वासाची हालचालही उमटते. ई. सी. वेंट यांनी १९१६ साली असा माइक तयार केला, तरी तो सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यासाठी इलेक्ट्रेटची वाट पाहावी लागली. कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा असा माइक गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत विकसित केला. आजही काही विक्रेते ‘इलेक्ट्रेट म्हणजे हलका माल’ असे सांगतात, पण ते खरे नाही. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा घरगुती स्टुडिओंमध्ये सर्रास दिसणारा माइक याच जातीचा आहे.

खोली ऐकल्यावर पहिला प्रश्न असा की आपल्याला कंडेन्सर खरोखर हवा आहे का. खिडकी थेट रस्त्यावर उघडत असेल, घरात लहान मुले असतील आणि ध्वनिमुद्रणाची वेळ आपल्या हातात नसेल, तर शूअर एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून केलेले काम अधिक स्वच्छ येते. त्यात गाण्याचे बारकावे थोडे कमी उतरतात, पण शेजारच्या मिक्सरचा आवाजही कमी येतो. दोन-तीन तास तरी बऱ्यापैकी शांत मिळत असतील, तर मात्र कंडेन्सर घ्यावा. या बाबतीत नाशिकचा हिवाळा फार उपयोगी पडतो, कारण डिसेंबर-जानेवारीत पंखा लावण्याची गरजच उरत नाही आणि रात्री रस्तेही लवकर शांत होतात.

माहितीपत्रकातले आकडे वाचताना सर्वाधिक लक्ष ‘सेल्फ नॉइज’ या आकड्याकडे द्यावे. समोर कोणताही आवाज नसताना माइकच्या स्वतःच्या सर्किटमधून जो बारीक सळसळाट येतो, त्याचे हे माप असते. रोड (Rode) ही कंपनी आपल्या एनटी १-ए या माइकसाठी ५ डेसिबल हा आकडा देते, तर एटी २०२० साठी तो २० डेसिबल आहे. कागदावर हा फरक मोठा दिसतो, पण नाशिकमधल्या एखाद्या फ्लॅटमधली रात्रीची शांतता ३० डेसिबलची धरली, तर त्यात २० डेसिबलच्या माइकची भर पडून एकूण आवाज ३०.४ डेसिबल होतो आणि ५ डेसिबलच्या माइकची भर पडली तर तो ३० च राहतो. अर्ध्या डेसिबलहूनही कमी असलेल्या या फरकासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हे खोलीची अवस्था पाहूनच ठरवावे. येथे एक बाब मात्र ध्यानात ठेवावी. खोलीतली घरघर बहुतांशी खालच्या पट्टीतली असते आणि ती नंतर फिल्टर लावून बरीच कमी करता येते. माइकचा सळसळाट वरच्या पट्टीत पसरलेला असतो आणि तो काढायला गेले की गाण्याचा तजेलाही जातो. म्हणून २० डेसिबलपर्यंतचा माइक बिनधास्त घ्यावा, त्याहून वरचा फक्त मोठ्या आवाजाच्या वाद्यांसाठी ठेवावा, आणि ज्याच्या खोक्यावर हा आकडा कुठेच दिलेला नाही त्याच्या वाटेला जाऊ नये. तानपुऱ्यासह संथ आलापी किंवा हळू आवाजातले अभिवाचन करणाऱ्यांनी इथे थोडे जास्त पैसे घालावेत, कारण त्यांच्या कामात शांत जागा पुष्कळ असतात.

तबला, ढोलकी किंवा पखवाज जवळून टिपायचा असेल, तर माइक जास्तीत जास्त किती मोठा आवाज न फाटता सोसतो, हा आकडाही पाहावा. तो १३० डेसिबलच्या पुढे असला की घरगुती कामात अडचण येत नाही. वारंवारितेच्या पल्ल्याकडे मात्र फारसे पाहू नये, कारण ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हे जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेले असते आणि त्यावरून आवाजाची जात कळत नाही.

कळते ती वारंवारितेच्या आलेखावरून आणि प्रत्यक्ष ऐकण्यावरून. स्वस्त कंडेन्सरमध्ये साधारण ५ ते १२ हजार हर्ट्झचा भाग मुद्दाम उंचावलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना आवाज झगझगीत वाटतो. मराठीत स, श आणि ‘चार’, ‘चमचा’ मधले दोन्ही च यांची रेलचेल असल्यामुळे अशा माइकवर अर्धा तास अभिवाचन ऐकले की कान शिणतात. पेटीचेही तसेच होते, कारण तिच्या सुरांना मुळातच वरची धार असते आणि उजळ माइकवर ती धार टोचू लागते. म्हणून चाचणी घेताना आपल्या रोजच्या संहितेतला किंवा बंदिशीतला असा उतारा निवडावा, ज्यात स-श भरपूर आहेत आणि प, फ, भ हे फुंकर सोडणारे वर्णही आहेत. ‘सशाने सपासप शेतातली शेपू फस्त केली, भाकरी भाजली, फणस फोडला’ एवढे एक वाक्य वेगवेगळ्या माइकवर त्याच अंतरावरून म्हणून पाहिले, तरी कोणता माइक शीळ घालतो आणि कोणता फुंकरीने धप्प आवाज करतो, ते हेडफोनवर लगेच उमगते.

आता जोडणीविषयी. यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो, वेगळे काही घ्यावे लागत नाही, आणि एकट्याने पॉडकास्ट किंवा कथावाचन करणाऱ्याला तो पुरतो. घेताना त्याला हेडफोनची खाच आहे ना, एवढे पाहावे, कारण ती असली की आपला आवाज विनाविलंब ऐकता येतो. गाणारा स्वतः पेटी वाजवत असेल किंवा सोबत तबला असेल, तर मात्र एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या, जोडणीचा माइक आणि दोन माइक लागतील असा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपपर्यंत पोहोचवणारे उपकरण) हाच मार्ग धरावा. एका लॅपटॉपवर दोन यूएसबी माइक एकत्र चालवण्याचा खटाटोप करण्यात वेळ फुकट जातो. एक्सएलआर कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि ती इंटरफेसमधूनच, त्याच केबलने मिळते.

ऑनलाइन बाजारात बीएम-८०० या नावाने स्टँड, जाळी आणि केबलसह जो संच अगदी स्वस्तात मिळतो, त्याची गोम इथेच आहे. त्याच्यासोबत एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी पिन असलेली केबल येते, ती लॅपटॉपच्या खाचेत लावली की माइकला तुटपुंजा विद्युतपुरवठा मिळतो, आवाज बारीक येतो आणि तो वाढवायला गेले की सळसळाटच वाढतो. दांडगे खोके आणि मोठी जाळी पाहून आतला पडदा मोठा असेल असे समजू नये, कारण पुष्कळ स्वस्त माइकमध्ये आत लहानशी कॅप्सूलच (पडदा बसवलेली डबी) असते. मोठ्या पडद्याचा माइक म्हणताना साधारण एक इंचाचा, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आसपासचा पडदा अभिप्रेत असतो. एटी २०२० चा पडदा १६ मिलिमीटरचा असूनही तो चांगले काम देतो, तेव्हा मोठा आकार ही अट नव्हे, पण खोक्यावर लिहिलेले आणि आत असलेले जुळले पाहिजे.

पैशांची वाटणी करताना एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक एकट्या माइकवर घालू नये. इंटरफेस, बंद कपांचा हेडफोन, जड बुडाचा स्टँड, बरी केबल आणि फुंकर अडवणारा पॉप फिल्टर यांच्याशिवाय महागडा माइकही पांगळा ठरतो. पहिला माइक कार्डिऑइड, म्हणजे समोरचा आवाज घेणारा आणि पाठीमागचा टाळणारा असावा. अनेक दिशांचे खटके असलेल्या माइकवर जास्तीचे पैसे घालण्याची गरज सुरुवातीला पडत नाही. माझी पसंती विचाराल तर पहिल्या खरेदीसाठी एटी २०२० आणि त्याच पातळीवरचे माइक, आणि खोली शांत असून हात थोडा सैल सोडता येत असेल तर एनटी १-ए.

खरेदीसाठी नाशिकमधल्या वाद्यांच्या आणि ध्वनियंत्रणेच्या दुकानांत आधी चौकशी करावी. दोन-तीन माइक शेजारी लावून ऐकू देणारा विक्रेता भेटला, तर शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी त्याच्याकडूनच घ्यावा. इथे मनासारखे मिळाले नाही, तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर खरेदी करून त्याच गाडीने संध्याकाळी परत येता येते. कुठूनही घेतला तरी पक्के बिल आणि वॉरंटी मागावी, कारण नावाजलेल्या माइकच्या नकला सर्रास विकल्या जातात आणि खोक्यावरून त्या ओळखू येत नाहीत. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी घरच्या खोलीतच कसून तपासणी करावी. त्या तपासणीत लॅपटॉपचा चार्जर काढून एकदा आणि लावून एकदा मुद्रण करावे. चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल, तर दोष बहुधा माइकचा नसून घरातल्या अर्थिंगचा असतो.

माइक आल्यावर तो कुठे ठेवायचा, यावर निम्मे काम अवलंबून आहे. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत टाळी वाजवली की मागे एक झणकार उरतो, आणि तोच गाण्यात ‘न्हाणीघरातला आवाज’ म्हणून येतो. जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे जाड गोधड्या किंवा कपड्यांनी भरलेले उघडे कपाट असू द्यावे. माइकचे तोंड गाणाऱ्याकडे असल्यामुळे त्याच्या पाठीमागची भिंतही माइकच्या समोरच येते आणि तिचा प्रतिध्वनी तो टिपतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माइकची पाठ खिडकीकडे करावी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याने फारसे काही साधत नाही. तोंडापासून माइक साधारण एक वीत अंतरावर ठेवावा. हे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. फार जवळ गेल्यास खर्ज अवाजवी फुगतो. पेटीसाठी माइक भात्याच्या बाजूला नको, तर सुरांच्या पट्ट्यांच्या वर, थोडा तिरका असावा.

जून ते सप्टेंबर या काळात माइकची वेगळी काळजी घ्यावी लागते. पडद्यावर दमट हवेचा ओलावा धरला की मुद्रणात मधूनच तडतड किंवा फसफस ऐकू येते आणि सळसळाट वाढतो. काम झाले की आधी इंटरफेसवरचा गेन (माइकचा आवाज वाढवण्याची पातळी) उतरवावा, फँटम पॉवर बंद करावी, मिनिटभर थांबून मग केबल काढावी आणि माइक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले, तर ते ओलावा पिऊन भरले की दिसते आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते. तडतड सुरू झालीच, तर माइक उघडून पडद्याला हात लावू नये. तो दोन दिवस त्याच डब्यात राहू द्यावा आणि त्यानंतरही आवाज कायम राहिला, तरच वॉरंटीचे बिल बाहेर काढावे.